फुटक्या कपबशीतील दाणा-पाणी

भगवान बुद्धांच्या धम्मात करुणेला मोठे स्थान आहे. परंतु करुणेपाशी थांबून धम्म पूर्ण होत नाही, त्यापुढे मैत्री आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा भेद स्पष्ट करून सांगितला आहे. करुणा ही माणसाने माणसाविषयी बाळगावयाची, तर मैत्रीची व्याप्ती सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवर दया करण्याची व त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. प्रत्येक कार्यक्रमात आपण ती उभे राहून म्हणतो. परंतु प्रतिज्ञा म्हणणे वेगळे आणि घरी जाऊन ती पाळणे वेगळे. ती पाळण्याचा एक अगदी साधा, बिनखर्चाचा मार्ग समाजबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. घरातील जुन्या, टवके उडालेल्या कपबशांपासून पाखरांसाठी दाण्याचे व पाण्याचे पात्र कसे तयार करावे, ते येथे सांगत आहोत.

आमचे पुलगाव हे वर्धा नदीच्या काठी, नदीवरील पुलावरून नाव मिळालेले गाव. परंतु नदी जवळ असली तरी वैशाख-ज्येष्ठात वस्तीतील पाखराला तिचा उपयोग होतोच असे नाही. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. नाल्या कोरड्या पडतात, पत्रे तापतात, डांबर मऊ होते. दुपारच्या वेळी चोच उघडी टाकून धापा टाकणारा कावळा आपण सर्वांनी पाहिला आहे. पाखरांना घाम येत नाही. श्वासावाटे पाणी बाहेर टाकूनच त्यांना अंग थंड ठेवावे लागते. म्हणून उन्हाळ्यात त्यांना दाण्यापेक्षाही पाण्याची गरज अधिक असते.

कपबशीच का?

कोणी विचारील, बाजारात मातीचे परळ मिळते, प्लास्टिकची भांडी मिळतात, मग कपबशीच कशाला? यास तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की कपबशी घरात आहेच. पूर्वी प्रत्येक घरी चिनी मातीच्या कपबशांचा संच असे आणि पाहुण्यास बशीत ओतून चहा पिण्याची मोकळीक असे. आता स्टीलचे पेले, काचेचे ग्लास आणि कार्यक्रमांतून कागदी कप आले. जुने संच फळीवर धूळ खात पडले आहेत. कुठे कान तुटला, कुठे बशीचा जोडीदार फुटला. फुटकी कपबशी घरात ठेवणे अशुभ, असे म्हणून काही जण ती उकिरड्यावर टाकतात. शुभ-अशुभाच्या या कल्पना आपण सोडलेल्या आहेत. शिवाय भाजलेली चिनी माती कुजत नाही. तिचे तुकडे वर्षानुवर्षे जमिनीत तसेच राहतात आणि अनवाणी पायांत घुसतात.

दुसरे कारण वस्तूच्या गुणाचे. कपबशी गंजत नाही, पत्र्याच्या किंवा स्टीलच्या भांड्याप्रमाणे लगेच चटका देण्याइतकी तापत नाही, गुळगुळीत असल्याने घासल्याबरोबर स्वच्छ होते आणि पांढरी असल्याने तिच्यावरील घाण लगेच दिसते. बशीची उथळ खोली चिमणीसारख्या लहान पाखरास अगदी योग्य आहे.

तिसरे कारण इतिहासाचे आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठे आहे.

वळचणीची कपबशी

आजच्या तरुण पिढीस कदाचित खरे वाटणार नाही, परंतु गावोगावच्या हॉटेलांत आपल्या वाडवडिलांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. ती दुकानाच्या आत नसे. बाहेर वळचणीला, कुडाच्या फटीत किंवा खुंटीला ती अडकवलेली असे. बहुधा कान तुटलेला कप आणि टवका उडालेली बशी. गिऱ्हाइकाने ती स्वतः काढावी, धुवावी, दुरून वरून ओतलेला चहा घ्यावा, बाजूला उकिडवे बसून प्यावा आणि पुन्हा विसळून जागच्या जागी ठेवावी. पैसे मात्र इतरांइतकेच मोजावेत. त्या वळचणीच्या कपाने माणसाला रोज सांगितले, की तू माणसांत बसण्याच्या लायकीचा नाहीस.

पाण्याची गोष्ट तर याहून भयंकर होती. मुंबई कायदे मंडळात १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचे ठरले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. तळ्यावर गुरे-ढोरे पाणी पीत, पाखरे चोच बुडवीत, त्यास कोणाची हरकत नव्हती. बंदी होती ती फक्त माणसाला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या ओंजळीने ते पाणी प्राशन केले आणि हजारो लोक त्यांच्या मागोमाग तळ्यात उतरले. त्यानंतर सभेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, आणि तळे 'शुद्ध' करण्यासाठी त्यात शेण, गोमूत्र, दूध व दही यांचे घडे ओतण्यात आले. पुढे न्यायालयात लढा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, हॉटेले, विहिरी, तळी यांच्या वापरात जातीवरून भेद करण्यास मनाई केली. १९५५ च्या कायद्याने हॉटेलातील भांडी वापरू न देणे हाही शिक्षापात्र गुन्हा ठरला. १९७६ साली त्याच कायद्यात सुधारणा होऊन त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. तरीही १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांना महाराष्ट्रात 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ उभारावी लागली, यावरून कागदावरील कायदा पाणवठ्यावर पोहोचण्यास किती काळ लागतो ते समजून येते.

आता एक योगायोग पाहा. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून जगभर चिमणी दिवस पाळला जातो, आणि त्याची तारीख आहे २० मार्च. म्हणजे ज्या दिवशी आपल्या समाजाने पाण्यावरील माणसाचा हक्क मिळवण्यासाठी पाऊल उचलले, त्याच दिवशी जग चिमणीची आठवण करते. आपल्या दृष्टीने या दोन गोष्टी परक्या नाहीत. ज्यांना पाणी नाकारले गेले, त्यांनीच तहानलेल्याला पाणी देण्यात पुढे असावे. वळचण तीच, कान तुटलेला कपही तोच. परंतु कोणाला दूर ठेवण्यासाठी नव्हे, तर कोणाला जवळ बोलावण्यासाठी तो आपण टांगावा.

साहित्य

जुने कप व बशा, दोन नळ्यांचा डिंक (अ‍ॅरल्डाइटसारखा), पॉलिश पेपर, जाड सुती दोरी, थोडी बाइंडिंग तार, पकड, मूठभर वाळू व सिमेंट. डिंक व पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. बाकीचे बहुतेक घरी असते. नायलॉनचा बारीक दोरा किंवा पतंगाचा मांजा मात्र अजिबात वापरू नये. त्यात पाखरांचे पाय व पंख अडकतात.

प्रथम कपबशा निवडून घ्याव्यात. बोटाने टिचकी मारली असता खणखणीत आवाज आला तर भांडे सलग आहे असे समजावे. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. ते पाण्यास वापरू नये. उडालेल्या टवक्याची धार पाण्याने भिजवलेल्या खरबरीत दगडावर घासून बोथट करावी. कोरडे घासू नये, कारण त्याची धूळ छातीस अपायकारक असते. हे काम मोठ्यांनी करावे, लहान मुलांकडे देऊ नये.

करण्याच्या तीन रीती

(१) दाण्याचा कप : या प्रकारात कप बशीवर आडवा ठेवावयाचा असतो. कपाचा कान वर आणि तोंड बशीच्या कडेकडे राहील अशी जागा पाहावी. जेथे कपाचे पोट बशीस टेकते, त्या दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून खरबरीत कराव्यात, कारण गुळगुळीत चकाकीवर डिंक धरत नाही. नंतर ओले फडके फिरवून पूर्ण कोरडे होऊ द्यावे. दोन्ही नळ्यांतील डिंक समान घेऊन काडीने नीट घोटावा, लावावा व कप दाबून बसवावा. कप घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंस ओल्या मातीचे गोळे लावून ठेवावे आणि २४ तास हात लावू नये. आडव्या कपात दाणे ठेवले म्हणजे ते वाऱ्याने उडत नाहीत व थोड्याफार पावसाने भिजत नाहीत. चिमणी बशीच्या कडेवर बसून कपातले दाणे टिपते आणि सांडलेले दाणे बशीत राहतात.

येथे एक सूचना आवश्यक आहे. कपाच्या कानास दोरी बांधून संपूर्ण वजन डिंकावर सोपवू नये. आपल्याकडील उन्हात डिंक नरम पडण्याची शक्यता असते आणि खाली खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यावर बशी पडू शकते. हे पात्र भिंतीच्या कठड्यावर ठेवावे, अथवा पुढे सांगितलेल्या शिंक्यात बसवून मगच टांगावे.

(२) शिंक्यातील पाण्याची बशी : आपल्या आज्या दूध-दही मांजरापासून वाचवण्यासाठी शिंके करीत, तेच येथे करावयाचे. दोन-दोन मीटरच्या दोन दोऱ्या घेऊन त्यांच्या मध्यावर एकमेकींत गाठ मारावी, म्हणजे चार पदर होतात. ती गाठ बशीच्या बुडाखाली मध्यभागी येईल अशी बशी वर ठेवावी. चारही पदर सारख्या अंतरावर वर घ्यावेत. बशी निसटू नये म्हणून कडेच्या किंचित खाली एक दोरी आडवी फिरवून प्रत्येक पदराशी गाठ मारीत वर्तुळ पुरे करावे. वर हातभर अंतरावर चारही पदर एकत्र बांधावेत व तेथे तारेचा आकडा अडकवावा. तारेचे टोक पकडीने आत वळवावे. या रीतीत डिंक लागत नाही, खर्च जवळजवळ नाही आणि बशी धुण्यास सहज काढता येते. आमच्या मते हीच सर्वांत चांगली रीत होय.

(३) पालथ्या कपावरील बशी : ज्यांच्या घरी टांगण्यास जागा नाही, परंतु भिंतीचा कठडा किंवा गच्ची आहे, त्यांच्यासाठी ही रीत. कान तुटलेल्या कपात ओले वाळू-सिमेंट भरून वाळवावे. वजनामुळे तो वाऱ्याने पडत नाही. मग कप पालथा ठेवून त्याच्या बुडावर, पॉलिश पेपरने घासून, बशी डिंकाने चिकटवावी. लहानशी चौरंगी तयार होते. हे पाण्यासाठी उत्तम.

उभ्या कपात पाणी भरून ठेवण्याचा मोह टाळावा. कप खोल असतो व त्याच्या भिंती निसरड्या असतात. लहान पाखरू किंवा पिल्लू त्यात पडले तर त्यास वर येता येत नाही. पाणी नेहमी बशीतच ठेवावे आणि मध्ये एक खरबरीत खडा ठेवावा. त्यावर मधमाश्या बसून पाणी पितात. कावळ्या-पारव्यांसाठी बशी अपुरी पडते. त्यांच्यासाठी वेगळे मातीचे परळ ठेवावे.

कोठे ठेवावे?

जागा सावलीची असावी. निंब, जांब किंवा शेवग्याची फांदी उत्तम. जमिनीपासून पाच-सहा फूट उंची असावी. मांजरास दबा धरता येईल असे झुडूप किंवा लाकडाचा ढीग लगत नसावा, पण घाबरल्यास पाखराला आश्रय घेता येईल असे झाड जवळपास असावे. विहीर, पाण्याची टाकी, पिण्याचे माठ आणि कपडे वाळत घालण्याची दोरी यांच्यावर टांगू नये. पहिले काही दिवस कोणीच आले नाही तरी निराश होऊ नये. पाखरे प्रथम दुरून पाहतात, मग एखादी धीट साळुंकी येते आणि तिच्या मागून इतर येतात. पुढे बुलबुल, होले आणि आठ-दहांच्या घोळक्याने कलकलाट करणारे सातभाईही येऊ लागतात.

काय घालावे, काय घालू नये?

ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी हे चिमण्या व होल्यांना पुरेसे आहे. बुलबुल व साळुंकीस पिकलेल्या पपईचा किंवा केळ्याचा तुकडा आवडतो. शेव, चिवडा, फरसाण असे मिठाचे पदार्थ, बुरशी आलेले धान्य आणि शिळी आंबलेली पोळी घालू नये.

आपल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात एक धोका फार मोठा आहे. पेरणीनंतर उरलेले लाल, गुलाबी किंवा निळ्या रंगाचे बियाणे औषध लावलेले असते. ते विष आहे. वाया जाते म्हणून ते पाखरांपुढे टाकणे म्हणजे त्यांस मारणे होय. तसेच फवारणीच्या औषधाचा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी पाण्याचे भांडे म्हणून वापरू नये, पाखरांसाठी नाही आणि माणसांसाठी तर नाहीच. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे आपण विसरता कामा नये. जे विष पाखराला मारते, ते मजुरालाही सोडत नाही.

दाणे रोज मूठभरच घालावेत. पोतेभर धान्य ओतले म्हणजे पुण्य अधिक, असा हिशेब आपल्या धम्मात नाही. त्याने पारव्यांचे थवे जमतात, विष्ठेचे थर साचतात आणि त्या धुळीपासून माणसांना फुप्फुसाचे विकार होतात. मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणाने. कपाचे माप म्हणूनच बरे आहे. ते आपल्याला मर्यादा शिकवते.

स्वच्छता

पाणी रोज बदलावे. उन्हाळ्यात बशी दुपारपर्यंत सुकते, म्हणून सकाळी व दुपारी असे दोनदा भरावे. बशी रोज ब्रशने घासावी. नुसते पाणी ओतून देऊ नये. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात त्यांचे डास होतात. घासण्याचा ब्रश वेगळा ठेवावा व काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. आसपास एकाएकी अनेक पाखरे मेलेली आढळली तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे आणि काही दिवस पात्रे काढून ठेवावीत.

पाखरांची कपबशी व तिचा ब्रश वेगळा ठेवण्यास आम्ही सांगतो ते रोगजंतूंमुळे, विटाळामुळे नव्हे. हा फरक मुलांना जरूर समजावून सांगावा. जे साबण-पाण्याने जाते, ती अस्वच्छता. जे कशानेच जात नाही असे माणसाविषयी सांगितले गेले, ती अस्पृश्यता. पहिली धुवावयाची असते, दुसरी मुळापासून उपटावयाची असते.

काही शंका

आमच्या काही बांधवांचा प्रश्न असतो, की माणसांचेच प्रश्न सुटले नाहीत तेथे पाखरांचे लाड कशाला? मुंगीला साखर आणि गायीला घास घालणाऱ्यांनीच आपल्या माणसांना घोटभर पाणी दिले नाही, हा अनुभव या प्रश्नामागे आहे आणि तो खोटा नाही. परंतु त्यांचा दोष मुंगीला साखर घातली हा नव्हता. माणसाला वगळले हा होता. बाबासाहेबांनी मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत नेली ती माणसाला वगळून नव्हे, माणसापासून सुरुवात करून. म्हणून ज्या घरापुढे पाखरांची बशी आहे, त्या घरापुढे वाटसरूसाठी, सफाई कामगारासाठी, ऊन्हातून आलेल्या टपालवाल्यासाठी पाण्याचा माठही असावा, आणि त्याचा पेला सर्वांस एकच असावा.

दुसरी शंका कावळ्याची. कावळ्याला दाणा घातला म्हणजे पितरांना घास दिला असे होईल काय? मुळीच नाही. श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. कावळा हा कोणाचा पूर्वज नाही, तो एक भुकेला-तहानलेला पक्षी आहे, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. त्याचप्रमाणे घरावर पिंगळा ओरडला तर काही अभद्र होत नाही. तो उंदीर-किडे खाऊन शेतकऱ्याचे कामच करतो.

पाखरांविषयीची ही दृष्टी आपल्या परंपरेत जुनी आहे. बाणाने जखमी झालेल्या पक्ष्यावरून राजपुत्र सिद्धार्थ व देवदत्त यांच्यात वाद झाला, तेव्हा मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा ठरला. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसे व पशू या दोहोंसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे, रस्त्यांवर विहिरी खोदल्याचे व झाडे लावल्याचे नमूद केले आहे. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांची हत्या करू नये असे सांगितले, त्या यादीत पोपट आणि साळुंकी यांची नावे आहेत. म्हणजे आपल्या बशीवर येऊन भांडणारी साळुंकी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाज्ञेने संरक्षित झालेली आहे.

समारोप

कपबशी टांगली म्हणजे सर्व झाले, असे मात्र समजू नये. चिमणीची पिल्ले दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना किडे-अळ्या लागतात. सिमेंटच्या सपाट भिंतीत घरट्यास फट राहिली नाही आणि फवारणीने किडे उरले नाहीत, म्हणून चिमण्या कमी झाल्या. तेव्हा अंगणात एखादे झुडूप राहू द्यावे. विहाराच्या आवारातील बोधिवृक्ष जपावा. पिंपळाची बारीक फळे बुलबुल, तांबट आणि आपल्या राज्याचा पक्षी हरियाल यांचे अन्न आहेत.

आमची नम्र सूचना अशी, की दरवर्षी २० मार्च ते १४ एप्रिल, म्हणजे चवदार तळ्याच्या दिवसापासून बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत, प्रत्येक घराने एक तरी पात्र तयार करून टांगावे आणि पाऊस सुरू होईपर्यंत ते रोज भरावे. रविवारी विहारात मुलांना एकत्र बसवून शिंके विणण्यास शिकवावे, आणि विणता विणता आजी-आजोबांनी त्यांना वळचणीच्या कपबशीची हकिकत सांगावी. मुलांच्या हातात त्या वेळी दोरी असेल आणि समोर फुटकी बशी असेल. इतिहास समजण्यास याहून चांगली शाळा नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!